पक्षी, गोचीड आणि सालिम अली

सालिम अली हे नाव घेतले की डोळ्यांपुढे उभी राहते ती गळ्यात दुर्बीण अडकवलेली, कृश बांध्याची, आखूड पांढऱ्या दाढीची एक वृद्ध मूर्ती. पाखरांचा हा वेडा माणूस आपल्याला शाळेच्या पुस्तकांतून ठाऊक झालेला असतो. परंतु त्यांच्या आयुष्यातील एका अध्यायाची आठवण क्वचितच काढली जाते. त्या काळात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो पाखरे जाळ्यात धरली आणि सोडून देण्यापूर्वी त्यांच्या अंगावरचे गोचीड चिमट्याने काढून बाटल्यांत भरले. गुरांच्या अंगावरून ओढून आपण दगडाखाली चिरडतो तोच हा गोचीड. त्याच्यासाठी देशातील सर्वांत मोठ्या पक्षिशास्त्रज्ञाने आपली ऐन उमेदीनंतरची वर्षे का द्यावीत?

आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न परका वाटू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत कोंबड्या पटापट मरू लागल्या आणि भारतातील बर्ड फ्लूची पहिली साथ म्हणून नवापूरचे नाव देशभर झाले. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. कित्येक घरांचा संसार त्या खड्ड्यांत गेला. रोग आणला कोणी, असा प्रश्न निघताच अनेकांची बोटे वळली ती आकाशाकडे, परमुलखांतून येणाऱ्या पाखरांकडे. नेमका हाच आरोप, दुसऱ्या एका रोगाच्या निमित्ताने, त्यापूर्वी सुमारे पन्नास वर्षे सालिम अलींच्या पुढे आला होता. ज्या पाखरांवर त्यांनी जीव लावला त्यांच्यावरचा हा आरोप त्यांनी झिडकारला नाही आणि डोळे मिटून मान्यही केला नाही. त्यांनी तो तपासून पाहिला. त्यासाठी लागणारी वृत्ती त्यांच्यात कशी घडत गेली, हे पाहण्यासारखे आहे.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात या पोरक्या मुलांना वाढवले. मामांना शिकारीची हौस होती. त्यांनी भाच्याला छर्‍यांची लहान बंदूक आणून दिली. त्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही चिमणी नेहमीची नव्हे, मग कोणती? मामांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे सचिव त्या वेळी मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ होते. बिचकत आत आलेल्या त्या मुलाला त्यांनी पक्ष्याचे नाव तर सांगितलेच, शिवाय कपाटांचे खण एकामागून एक उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली होती. कोठे मिळाला, कोणत्या दिवशी, कोणी मिळवला, एवढाच मजकूर. पक्षी सुंदर असतो, पण चिठ्ठीवाचून तो शास्त्राच्या उपयोगाचा नसतो, हा पहिला धडा त्या मुलाला तेथे मिळाला.

पुढचा प्रवास मात्र सरळ झाला नाही. प्रकृतीच्या तक्रारींमुळे शाळा अधूनमधून सुटत असे. १९१३ साली ते मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात नाव घातले. पण पहिल्याच वर्षाला ते सोडून ब्रह्मदेशातील तवाय येथे कुटुंबाचा खाणीचा व लाकडाचा धंदा पाहायला गेले. धंदा पाहण्याऐवजी त्यांनी रान पाहिले. १९१७ मध्ये परतल्यावर व्यापारी शिक्षणाचा वर्ग धरला आणि फादर ब्लॅटर यांच्या आग्रहावरून बरोबरीने प्राणिशास्त्रही शिकून घेतले. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना यांच्याशी विवाह झाला. परंतु पदवी पदरात पडली नाही ती नाहीच. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील पक्षिशास्त्रज्ञाची जागा या एका कारणाने त्यांच्या हातची गेली. परीक्षांच्या निकालाने मन खचलेल्या आपल्या मित्रांनी हे लक्षात ठेवावे. तसेच हेही लक्षात ठेवावे की पदवी हुकली म्हणून त्यांनी अभ्यास सोडला नाही.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. दोन वर्षांत ती रजेवर ठेवून ते स्वखर्चाने बर्लिनला गेले. तेथे एरविन श्ट्रेझमान हे थोर पक्षिशास्त्रज्ञ त्यांना गुरू म्हणून लाभले. हेलिगोलँड बेटावरील केंद्रात त्यांनी पक्ष्यांच्या पायांत कडी चढवण्याचे तंत्र हाताखालून घातले. पाखरू जाळ्यात धरायचे, अॅल्युमिनियमचे क्रमांकित हलके कडे पायात घालायचे आणि सोडून द्यायचे. पुढे ते कोणाला कोठे मेलेले वा धरलेले सापडले तर त्या क्रमांकावरून त्याचा प्रवास कळतो. मेलेल्या पक्ष्याच्या पायाची चिठ्ठी आता जिवंत पक्ष्याच्या पायात आली, एवढाच काय तो फरक.

१९३० मध्ये मायदेशी आले तो पैशाअभावी संग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झालेली. मग पती-पत्नी अलिबागजवळ किहीम येथे समुद्रकाठच्या एका घरात राहू लागली. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. बेकारीचे ते दिवस सालिम अलींनी झाडाखाली बसून काढले आणि तोवर कोणी नीट न पाहिलेली गोष्ट टिपली. खोपा नर विणतो; तो अर्धा झाला की मादी येऊन पाहून जाते; तिच्या पसंतीस उतरला तर ती तेथे संसार मांडते; मग हा गृहस्थ दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. या निबंधाने त्यांचे नाव झाले. त्यानंतर संस्थानिकांच्या मदतीने हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, कच्छ अशा एकेका मुलखाची पक्षिगणना त्यांनी केली. छावणीची सारी व्यवस्था तेहमिना पाहत. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या अकस्मात गेल्या. त्या धक्क्यातून बहीण व मेहुण्यांच्या आधाराने ते सावरले आणि १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध पुस्तक बाहेर पडले.

आता १९५७ कडे येऊ. कर्नाटकातील, त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील, शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाचे जंगल आहे. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तेथे वानरे व माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ रानात जाणारी माणसे तापाने अंथरुणाला खिळू लागली. ताप एकाएकी चढे, डोके फुटायची वेळ येई, अंग मोडून येई, डोळे लाल होत, काहींना रक्तस्राव होई. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ तेथे पोचले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ साली स्थापन केलेले हे केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. माकडे मरतात आणि माणसे तापतात म्हणजे पीतज्वर तर भारतात शिरला नाही ना, अशी धास्ती पहिल्यांदा वाटली. तपासणीअंती विषाणू निराळाच निघाला. तो पसरत होता गोचिडांमार्फत, मुख्यतः हिमॅफिसॅलिस स्पिनिजेरा या जातीच्या. जंगलाचेच नाव रोगाला मिळाले. आपल्याकडे त्याला माकडताप म्हणतात.

पुण्याच्या केंद्राचे तेव्हाचे संचालक टेलफर्ड वर्क व त्यांचे सहकारी यांना एक गोष्ट अस्वस्थ करीत होती. या विषाणूचे नाते रशियात, सैबेरियात आढळणाऱ्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूशी जुळत होते. हजारो कोसांवरच्या सैबेरियाचा आणि सह्याद्रीच्या रानाचा संबंध काय? एकच दुवा डोळ्यांपुढे येत होता. दर हिवाळ्यात उत्तरेकडून लाखो पाखरे भारतात उतरतात. त्यांच्या अंगावर चिकटून गोचीड आले असतील तर?

तर्क बिनतोड होता; त्याला पुरावा मात्र नव्हता. कोणते पक्षी कोठून येतात, कोणत्या वाटेने येतात, अंगावर काय घेऊन येतात, याची भारतात पद्धतशीर माहितीच नव्हती. सालिम अलींचे पक्ष्यांना मोठ्या प्रमाणावर कडी घालण्याचे स्वप्न पैशाअभावी कित्येक वर्षे पडून होते. आता जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले आणि १९५९-६० च्या सुमारास सोसायटीचा पक्षिस्थलांतराचा प्रकल्प सुरू झाला. सालिम अलींनी तेव्हा साठी ओलांडली होती. कच्छचे रण, भरतपूरचे तळे, दक्षिणेकडील पॉइंट कॅलिमियर अशा ठिकाणी छावण्या पडू लागल्या.

तेथील कामाची रीत अशी. पहाटे अंधारात बारीक धाग्यांची जाळी लावायची. अडकलेले पाखरू अलगद सोडवून पिशवीत घालायचे. मग त्याची जात ठरवायची, वजन व पंखाची लांबी घ्यायची, पायात कडे चढवायचे, रक्ताचा नमुना घ्यायचा आणि शेवटी पिसे फुंकरीने बाजूला सारून गोचीड शोधायचे. लहान गोचीड बहुधा डोळ्यांभोवती, कानापाशी व चोचीखाली असतात, कारण पाखराची चोच अंगभर फिरते पण स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. सापडलेला गोचीड चिमट्याने काढून बाटलीत टाकायचा आणि बाटलीवर चिठ्ठी लावायची: कोठे, कोणत्या दिवशी, कोणत्या पाखरावर. खेतवाडीच्या मुलाने मिलार्डसाहेबांच्या कपाटात पाहिलेली तीच ही चिठ्ठी.

येथे गोचिडाचीही थोडी ओळख करून घ्यावी. आपण त्याला किडा म्हणतो, पण तो कोळी व विंचू यांच्या कुळातला आहे. अंड्यातून निघालेल्या पिलाला सहा पाय असतात, पुढच्या दोन अवस्थांत आठ. जंगलातील बहुतेक गोचीड तीन अवस्थांत तीन वेगवेगळ्या प्राण्यांचे रक्त पितात. पिलू उंदीर, चिचुंद्री वा पाखरू गाठते. फुगून खाली पडते, कात टाकते. मधल्या अवस्थेत माकड वा माणूस सापडतो. पूर्ण वाढलेला गोचीड गुरासारखे मोठे जनावर धरतो. मग मादी जमिनीवर उतरून शेकड्यांनी, हजारांनी अंडी घालते आणि मरते. गोचिडाला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. तो गवताच्या टोकाशी चढतो, पुढचे पाय पसरतो आणि वाट पाहतो. श्वासातला वायू आणि अंगाची ऊब त्याला दुरून कळते. एका प्राण्याच्या रक्तातून घेतलेला विषाणू त्याच्या शरीरात कात टाकल्यावरही टिकतो आणि पुढच्या प्राण्याला मिळतो. माकडतापात माणूस हा या साखळीचा शेवट असतो. एका माणसाकडून दुसऱ्याला तो होत नाही.

वर्षामागून वर्षे पाखरे धरली गेली. कडी घातलेले पक्षी सोव्हिएत संघातील दूरदूरच्या प्रदेशांत सापडल्याची पत्रे मुंबईला येऊ लागली आणि भारतीय पाखरांच्या वाटा प्रथमच नकाशावर उमटल्या. पाखरांवर गोचीडही मिळाले. परंतु माकडताप सैबेरियातून पाखरांनी आणला, याला पुरावा मिळाला नाही. उलट क्यासनूरच्या रानात झालेल्या अभ्यासातून रोगाचे चक्र तेथल्या तेथेच फिरत असल्याचे दिसत गेले: रानातले उंदीर-चिचुंद्र्या, माकडे आणि स्थानिक गोचीड. तेथे काम केलेले कोलंबियाचे शास्त्रज्ञ बॉशेल यांनी १९६९ मध्ये आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. जंगल तोडून शेते रानात घुसली, त्यामागून गुरे चरायला शिरली. पूर्ण वाढलेल्या गोचिडांना एवढे रक्त आयते मिळाल्यावर त्यांची संख्या बेसुमार वाढली आणि शतकानुशतके रानात निमूट राहिलेला विषाणू माणसापर्यंत पोचला. पुढे १९९० च्या दशकात सौदी अरबस्तानात अलखुर्मा नावाचा विषाणू सापडला. माकडतापाच्या विषाणूचे सर्वांत जवळचे नाते त्याच्याशी आहे. सैबेरियातील विषाणू त्या मानाने दूरचे भाऊबंद ठरले.

म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात पाखरे उभी केली होती आणि साक्षीपुरावे गोळा होता होता बोट वळले ते कुऱ्हाडीकडे आणि गुरांच्या कळपाकडे. पाखरे रोग कधीच नेत-आणत नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. काही रोगांचे विषाणू ती नेतात, काही जातींचे गोचीडही त्यांच्या अंगावरून सीमा ओलांडतात. म्हणूनच प्रत्येक रोगाचा पुरावा वेगळा तपासावा लागतो.

या कामाचे बक्षीस म्हणून सालिम अलींच्या वाट्याला संशय आला. प्रकल्पाच्या पैशांत अमेरिकन निधीचाही वाटा होता. स्थलांतरी पक्ष्यांच्या रोगांची माहिती परकीय लष्कराला जंतुयुद्धासाठी हवी आहे आणि हे काम त्यासाठीच चालले आहे, अशी ओरड १९७० च्या दशकात वृत्तपत्रांतून झाली. संसदेच्या लोकलेखा समितीनेही परकीय साहाय्याच्या अशा प्रकल्पांची झाडाझडती घेतली. परकीय निधी कोठून येतो आणि माहिती कोठे जाते, हे विचारण्याचा देशाला अधिकार होता, यात शंका नाही. परंतु गुप्तहेरगिरीचा आरोप सालिम अलींसारख्या माणसाला किती झोंबला असेल, याची कल्पना करता येते. पाखरांवरच्या आरोपासाठी जो न्याय त्यांनी लावला, तोच त्यांना स्वतःला हवा होता: आधी पुरावा, मग निवाडा. हेरगिरीचा आरोप सिद्ध झाला नाही. दरम्यान ते आपले काम करीत राहिले. अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासमवेत लिहिलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा ग्रंथराज १९६८ ते १९७४ या काळात दहा खंडांत पुरा झाला. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. गेटी पारितोषिकाची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी देऊन टाकली. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले आणि २० जून १९८७ रोजी, नव्वदी पार केल्यावर, त्यांनी मुंबईत देह ठेवला.

त्यांच्या मागे दहा वर्षांनी आपल्या जिल्ह्यात एक घटना घडली. रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड एकोणिसाव्या शतकात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला मिळवले होते. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. अपवाद एक: मायनरझागेन या प्रसिद्ध इंग्रज पक्षितज्ज्ञाने १९१४ मध्ये तापीकाठी मांडवी येथे मिळवल्याची चिठ्ठी बांधलेला पक्षी. हे तेच गृहस्थ, ज्यांच्याबरोबर १९३७ साली सालिम अली अफगाणिस्तानच्या दौऱ्यावर गेले होते. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने त्या पक्ष्याची बारीक तपासणी केली, तेव्हा तो डेव्हिडसननेच मिळवलेला, ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला आणि नव्याने पेंढा भरून खोटी चिठ्ठी बांधलेला असल्याचे उघड झाले. खोटी चिठ्ठी बाजूला सारून खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढीत त्या व त्यांचे सहकारी आले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी भरदिवसा रानपिंगळा दिसला! एकशे तेरा वर्षे हरवलेले पाखरू आपल्या रानात सुखाने नांदत होते. सालिम अलींना हा दिवस पाहायला मिळाला नाही, ही हळहळ वाटतेच. एका खोट्या चिठ्ठीने शास्त्राची किती वर्षे वाट चुकते आणि खऱ्या चिठ्ठीने शंभर वर्षांनंतरही ती कशी सापडते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

आता गोचिडांकडे पुन्हा वळू, कारण तो विषय इतिहासजमा झालेला नाही. माकडताप क्यासनूरमध्ये थांबला नाही. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये आपल्या राज्यातील सिंधुदुर्ग जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यात, त्याचे रुग्ण आढळले. त्यावरील जुनी लस परिणामकारक राहिली नसल्याने २०२२ मध्ये कर्नाटकाने तिचा वापर थांबवला. दुसरीकडे, आपल्या शेजारच्या गुजरातेत २०११ च्या जानेवारीत अहमदाबाद जिल्ह्यातील साणंद तालुक्यात क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप भारतात प्रथम नोंदला गेला. पुण्याच्या संस्थेने निदान केले. तो हायलोमा जातीच्या गोचिडांमुळे आणि बाधित जनावराच्या वा रुग्णाच्या रक्ताच्या संपर्कामुळे होतो. पहिल्या रुग्णाबरोबर तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही दगावल्या. आपल्या गोठ्यांत तर गोचीड ताप नवा नाही. लघवी कॉफीसारखी होणे, जनावर खंगणे, दूध आटणे हे कोणाही पशुपालकाच्या ओळखीचे आहे. गावठी जनावर तग धरते, संकरित गाय लवकर आडवी होते.

यातून बचाव कठीण नाही, फक्त सवय लागते. गोचिडांचा जोर असतो तो पावसाळा सरल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत, म्हणजे नेमके आपण सरपण, डिंक, तेंदूपाने आणि मोहासाठी रानात जातो तेव्हा, किंवा तोरणमाळला सहल काढतो तेव्हा. रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत, पालापाचोळ्यावर अंग टाकू नये. कीटक दूर ठेवणारे मलम वा तेल उघड्या अंगाला लावावे. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबणाने अंघोळ करावी आणि कानामागे, काखेत, कमरेला, गुडघ्यामागे हात फिरवून पाहावे. लेकरांचे डोके थोरांनी पाहावे. गोचीड चिकटलेला दिसला तर रॉकेल, तंबाखू, विडीचा चटका हे उपाय करू नयेत. बारीक चिमट्याने त्याला कातडीलगत धरावे, न पिळता, न झटकता सरळ वर ओढावे आणि जागा साबण-पाण्याने धुवावी. नखाने चिरडू नये, कारण त्याच्या पोटातला रस जखमेतून वा डोळ्यातून आत जाऊ शकतो. पुढे दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे. गोठ्याच्या भिंतींच्या भेगा लिंपाव्यात, कारण काही जातींचे गोचीड तेथेच अंडी घालतात. जनावराला औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच लावावे. आणि रानात माकड मेलेले आढळले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला व वनखात्याला कळवावे.

या साऱ्या सूचनांचे सार सालिम अलींच्या कामातच आहे. पाखराच्या डोळ्यापाशी फुंकर घालून ते पाहत तसे आपण आपल्या अंगाकडे, आपल्या गुरांकडे आणि आपल्या रानाकडे पाहावे. नवापुरात २०२१ मध्ये बर्ड फ्लू पुन्हा आला, तेव्हाही आकाशाकडे बोट दाखवणे सोपे होते. अशा वेळी शेतकऱ्याचे नुकसान, पाखराचा जीव आणि रोगाचे खरे मूळ, तिन्ही गोष्टी पणाला लागलेल्या असतात. घाईने दिलेला निकाल तिघांवरही अन्याय करतो. पदवी नसलेल्या या शास्त्रज्ञाने साठीनंतर पहाटे उठून, एकेक पाखरू हातात घेऊन, एकेक गोचीड चिमट्याने काढून आणि एकेक चिठ्ठी लिहून हेच केले. आपल्या महाविद्यालयाच्या खिडकीतून सातपुडा दिसतो. त्या डोंगरात रानपिंगळा आहे आणि गवताच्या टोकाशी गोचीडही आहे. दोघांचीही खरी नोंद करणारे हात आपल्यातूनच निघावेत, हीच सालिम अलींना वाहिलेली आदरांजली ठरेल.